प्रोग्रॅम तपासणार कोण?

प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी प्रश्न मिळवणे कधीच फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते उत्तर तपासून मिळणे. पालघर-बोईसर भागातल्या विद्यार्थ्यांपर्यंत हा सराव पोहोचला तो मुंबईहून, आणि तिथेही पहिला अडसर तपासणीचाच होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये सुरू झाले, १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आले. त्या काळी मोठ्या यंत्रांना प्रोग्रॅम द्यायचा तो पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून. आपली पाळी आली की छापील कागद हाती पडे आणि एखादा स्वल्पविराम सुटला असेल, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. बोईसरजवळच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या, तरी आसपासच्या शाळकरी मुलांना संगणकाला हात लावायला मिळणे ही फार पुढची गोष्ट होती.

पीसी आले तसा सराव पुस्तकांत शिरला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने हजारो विद्यार्थ्यांना ‘या प्रोग्रॅमचे आउटपुट काय?’ या प्रश्नाची सवय लावली. पुस्तक प्रश्न विचारते, पण समोरच्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचू शकत नाही. त्याची उत्तरेही वेगळ्या पुस्तकातच छापावी लागली.

प्रोग्रॅम वाचून तपासण्याचे ते काम कॉलेजात जर्नलवर आले. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या जर्नलचा साचा ठरलेला: एम, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लूजन आणि तळाशी सरांची सही. पालघरमध्ये २००८ साली सेंट जॉन अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले तेव्हा ही पद्धत सगळीकडे चांगलीच रुळलेली होती. एका बॅचच्या वह्या एका तासात तपासायच्या म्हटल्यावर सही प्रोग्रॅमवर कमी आणि पानावर जास्त पडते. शेजाऱ्याचे जर्नल उतरवून काढण्याची प्रथा आळसाइतकीच या घाईतूनही वाढली.

स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठाने १९९०च्या दशकात यावर एक वाट काढली: प्रोग्रॅम पाठवा, यंत्रच तो चालवून बरोबर की चूक ते सांगेल. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेले कोडशेफ याच घराण्यातले. ते एका कंपनीचे, पण त्यावरचे कितीतरी प्रश्न बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी रचलेले आहेत.

प्रश्न रचणे दिसते तेवढे सोपे नाही. ‘दिलेले वर्ष लीप आहे का?’ एवढाच प्रश्न घेऊ. चारने भाग जातो का, इतकेच पाहणारा प्रोग्रॅम २०१२ आणि २०१६ या वर्षांना बिनचूक उत्तर देतो. १९०० दिले की तो पडतो, कारण शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो. मग शंभरने भाग जाणारी सगळी वर्षे सरसकट वगळणारा दुसरा प्रोग्रॅम येतो. त्याला पकडायला २००० हवे. ही दोन वर्षे ज्याला सुचली नाहीत, त्याचे संकेतस्थळ चुकीच्या उत्तरालाही शाबासकी देत राहते. म्हणून रचणारा एक आणि त्याचा प्रश्न फोडून पाहणारा दुसरा, ही कामाची वाटणी जवळजवळ सगळीकडे दिसते. विनामूल्य राबणाऱ्यांचा बराच वेळ या न दिसणाऱ्या चाचण्यांतच जातो.

भारतीय संगणक ऑलिंपियाड चालवणारी आयएआरसीएस ही संस्था अशाच प्राध्यापकांच्या आणि माजी स्पर्धकांच्या श्रमांवर उभी आहे. सरावाचे प्रश्न तिने इंटरनेटवर खुले ठेवले. पण तिची विभागीय पहिली फेरी मात्र कागद-पेनवर घेतली जाई. एकाच प्रश्नासाठी वेगवेगळी माहिती द्यायची आणि उत्तरे हाताने काढून घ्यायची. शाळेत संगणक नसलेल्या मुलालाही दार उघडे राहावे, अशी ही शहाणी सोय होती. मोठ्या शहरांबाहेरच्या शाळांना तिचे मोल अधिक.

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियलने भाषा आणि इंटरनेट, दोन्हींचा विचार केला. सुमारे दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज आणि नेट नसले तरी चालतील अशी सोय. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला धडा चालवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचे. शेवटी गृहपाठ असतोच. ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येक संहिता विषयाच्या जाणकाराकडे जाते, आणि त्या विषयातल्या एखाद्या नवख्याकडेही. तो जिथे अडतो, तिथले वाक्य बदलले जाते.