विटी, चेंडू आणि सावरगावचा दगड

श्रावणी अमावास्येस पोळा होतो. वर्षभर नांगर ओढणाऱ्या बैलांची त्या दिवशी पूजा होते व त्यांस पुरणपोळीचा घास मिळतो. दुसऱ्या दिवशी नागपूर-वऱ्हाडाकडील मुले लाकडाचे बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळी ही रीत पडली, असे परंपरा सांगते. जिवंत बैलाच्या जागी लाकडाचा बैल आला, तरी मुलांच्या आनंदात किंवा घरोघरच्या आरतीत काही उणे पडले नाही.

त्याच दिवशी, नागपूरच्या वायव्येस सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा व सावरगाव या गावांमध्ये मात्र निराळा प्रकार चालतो. या दोहोंच्या मधून जाम नदी वाहते. सावरगावकर पहाटे नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात व त्यावर झेंडा लावतात. पूजा झाली की दोन्ही तीरांवर माणसे जमतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी नदीत शिरून तो झेंडा हस्तगत करावयाचा आणि सावरगावकरांनी त्यांस अडवावयाचे. अडविण्याचे साधन म्हणजे दगड. तिकडूनही उत्तर दगडानेच दिले जाते. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात नेतात आणि खेळ संपतो. यालाच गोटमार म्हणतात. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीच्या मध्यावर दोन्ही गावांनी त्यांच्यावर दगड फेकले व त्यात ती दोघे मरण पावली, अशी आख्यायिका या प्रथेमागे सांगतात.

हा मुलूख भाषेने व चालीरीतींनी मराठीच आहे. नागपूरचे राज्य १८५३ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा व सौसर हे तालुके मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये व जिल्हे बदलले, पण गोटमार बदलली नाही. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासून दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत.

याला खेळ म्हणावे काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल. त्याचे उत्तर केवळ संतापाने देऊन भागत नाही. खेळ कशाने खेळ होतो, हे आधी पाहावे लागते. आणि त्यासाठी आपल्या अंगणातील एका जुन्या खेळाकडे वळणे सोयीचे आहे.

क्रिकेट आणि बेसबॉल यांचा मेळ घालून एखादा नवा खेळ रचावा, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. एकाची फळी, दुसऱ्याचा उंच टोला. एकाची यष्टी, दुसऱ्याचे तीन प्रयत्न. हे ऐकताना मराठी माणसास विटीदांडूची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जमिनीत एक लांबट गली खणावयाची, तीवर विटी आडवी ठेवावयाची व दांडूने कोलून ती दूर उडवावयाची. समोरच्या गड्यांनी ती अधांतरी झेलली तर खेळणारा बाद. झेलता आली नाही, तर दांडू गलीवर आडवा ठेवतात व विटी जेथे पडली तेथून ती त्यावर नेमकी फेकतात. दांडूस लागली की पुन्हा बाद. क्रिकेटमध्ये यष्टीवर चेंडू फेकून गडी बाद करतात, तोच हा न्याय. त्यातून वाचला तर खेळणाऱ्याने विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवावयाची आणि हवेतच टोला हाणावयाचा. अधांतरी आलेल्या वस्तूस भर ताकदीने टोलविणे आणि ठराविक प्रयत्नांत न साधल्यास डाव गमावणे, हे तर बेसबॉलचे मर्म. फरक इतकाच की येथे कोणी धावत नाही. धावेच्या जागी मोजणी असते. विटी पडेल तेथून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू. हे शब्द गावोगावी थोडे बदलतात, परंतु त्यांच्यामागे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ही संख्यानामे स्पष्ट ऐकू येतात. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत भाषांची देवघेव किती खोलवर झाली होती, याची साक्ष मुलांच्या तोंडी राहिली आहे. गोव्याकडे हाच खेळ कोयंडो-बाल, कर्नाटकात चिन्नीदांडू, हिंदी मुलखात गिल्लीडंडा आणि बंगालमध्ये डांगुली या नावांनी ओळखला जातो.

या खेळाचे प्राचीनत्व केवळ अनुमानाचे नाही. महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडव कुमार नगराबाहेर 'वीटा' खेळत असता ती विहिरीत पडते. ती कशी काढावी हे त्यांस सुचत नाही. तेथे आलेला एक कृश ब्राह्मण गवताच्या काड्या एकीत एक रोवून ती वर काढून देतो. हेच द्रोणाचार्य; आणि या प्रसंगातूनच भीष्मांनी त्यांस राजपुत्रांचे गुरू नेमिले. वीटा म्हणजे काय, याचा खुलासा सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर याने केला आहे. यवाच्या आकाराचा वीतभर लाकडाचा तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवितात, असे तो सांगतो. नीलकंठाचे घराणे गोदातीरीच्या कोपरगावचे. तो स्वतः काशीस राहून लिहीत होता. महाभारताचा अर्थ लावताना त्याला आपल्या गावची विटी आठवली असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

चेंडू व फळी यांचाही संबंध आपणांस परका नाही. संतांनी खेळांवर रूपके रचली, त्यांत हुतुतू, हमामा, फुगडी यांबरोबर चेंडूफळीही आहे. तुकोबांच्या गाथेत या नावाचे अभंग आहेत. कृष्णाचा चेंडू यमुनेच्या डोहात गेला आणि त्यातून कालियामर्दनाची लीला घडली, ही कथा तर प्रत्येक कीर्तनात ऐकावयास मिळते. पुढे इंग्रजांचे क्रिकेट आले, तेव्हा मराठीने त्यास चेंडूफळी हेच जुने नाव देऊन टाकले. १८४८ साली मुंबईच्या पारशांनी आपला पहिला क्रिकेट क्लब काढला, आणि पुढे पालवणकर बाळूंसारखा गोलंदाज याच खेळाने महाराष्ट्रास दिला.

पण ज्या खेळांस आज आपण सभ्य म्हणतो, त्यांचे बालपण सभ्य नव्हते. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात १६२४ साली एका क्रिकेटच्या डावात जॅस्पर विनॉल नावाचा क्षेत्ररक्षक झेल घेण्यास धावला. आपण बाद होऊ नये म्हणून फलंदाजाने तोच चेंडू पुन्हा मारण्यासाठी फळी फिरविली. ती विनॉलच्या डोक्यात बसली व त्यात त्याचा अंत झाला. पुढे १७४४ साली क्रिकेटचे नियम लेखनिविष्ट झाले, तेव्हा चेंडू बुद्ध्या दुसऱ्यांदा मारणारा फलंदाज बाद समजावा, हे कलम त्यांत होते. आरंभीच्या क्रिकेटमध्ये आपल्या गलीसारखाच एक खळगा असे, असे इतिहासकार सांगतात. धाव पुरी करण्यास फलंदाजाने त्यात फळी टेकावयाची आणि त्याला बाद करण्यास गड्याने तीपूर्वी त्यात चेंडू घालावयाचा. यात बोटे चेचली जात. तेव्हा खळगा जाऊन त्या जागी जमिनीवर नुसती रेघ आली. खेळाचा अर्थ कायम राहिला व बोटे वाचली.

बेसबॉलची कथा याहून बोधप्रद आहे. त्याच्या जुन्या रूपात धावणाऱ्या गड्यास बाद करण्याची रीत म्हणजे त्याच्या अंगावर चेंडू मारणे. आपल्या लगोरीत हेच करतात; म्हणून लगोरीचा चेंडू चिंध्यांचा किंवा मऊ रबराचा असतो. न्यूयॉर्क येथील निकरबॉकर क्लबने १८४५ साली आपले नियम ठरविले व त्यांत स्पष्ट लिहिले की, कोणत्याही प्रसंगी गड्याच्या अंगावर चेंडू फेकू नये. चेंडू हाती घेऊन त्यास स्पर्श करावा, अथवा त्याच्याआधी चेंडू तळावर पोचवावा. या एका कलमाने खेळाचे स्वरूप पालटले. अंगावर फेकावयाचा नाही म्हटल्यावर चेंडू मऊ असण्याचे कारण उरले नाही. पुढे तो कठीण व वेगवान झाला, टोला लांब जाऊ लागला, झेल व फेक यांचे कौशल्य वाढले. नेमाने पराक्रमाला बांध घातला असे वाटले होते. प्रत्यक्षात पराक्रमाला वाट मिळाली.

यात लक्षात घेण्याजोगा भाग क्रमाचा आहे. आधी नियम बदलला, मग वस्तू बदलली. आणि नियम बदलला तो खेळणाऱ्यांनीच. महाराष्ट्रातही असेच घडले आहे. खो-खो हा गल्लोगल्ली नाना तऱ्हांनी खेळला जाणारा खेळ होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधले. त्याच वर्षी अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. मातीतला हुतुतू तेथपर्यंत पोचला, याचे कारण तो खेळणाऱ्यांनी त्याला शिस्त लावून घेतली होती. आणि हे अमरावती पांढुर्ण्यास काही दूरचे नाही.

या दृष्टीने गोटमारीकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. खेळास लागणारी बहुतेक अंगे तीत आहेत. दोन पक्ष ठरलेले आहेत. नदी ही मर्यादा आहे. वेळ ठरलेली आहे. दिवस मावळण्याच्या सुमारास परस्परसंमतीने शेवट होतो. ध्येय एकच व सर्वांस दिसणारे आहे, ते म्हणजे पळसावरचा झेंडा. जय कोणाचाही होवो, झेंडा देवीच्या चरणी जातो आणि काल परस्परांशी झुंजलेली माणसे दुसऱ्या दिवशी एकाच बाजारात भेटतात. केवळ एक कलम या खेळात नाही, जे न्यूयॉर्कच्या मंडळींनी १८४५ साली लिहिले: माणसाच्या अंगावर फेकू नये.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७८ व १९८७ साली बंदोबस्तात पोलिसांचा गोळीबारही झाला. धाकाने प्रथा थांबली नाही. २००१ साली प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु लोकांनी पुन्हा दगडच उचलले. हे केवळ हट्टाने झाले असे म्हणून पुढे जाणे बरोबर नाही. येथे क्रम उलटा झाला होता. वस्तू बदलली, पण नियम तोच राहिला. समोरच्याच्या अंगावर फेकणे हाच जर विजयाचा मार्ग असेल, तर दगडापुढे चेंडू टिकणार कसा? शिवाय तो चेंडू गावाच्या हातून आला नव्हता, कचेरीतून आला होता.

अशा बदलास धर्माची आडकाठी आहे, असे कोणी म्हणेल. आपल्या देवस्थानांचा अनुभव तसा नाही. अनेक देवीमंदिरांत पशूच्या जागी कोहळा कापला जातो. ज्यांनी हा पालट केला त्यांनी देवीचा मान कमी केला, असे कोणी समजत नाही. उलट आज तोच विधी शास्त्रोक्त मानला जातो. हा निर्णय सरकारी हुकुमाने झाला नाही. पुजारी, मानकरी व गावकरी यांनी देवीपुढे बसून तो घेतला. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हेही त्याच वृत्तीचे उदाहरण आहे. आणि तो पांढुर्ण्याच्या परिसरातील घरोघरी त्याच दिवशी पुजला जातो.

सावरगावची नदी, पळस, झेंडा व चंडीमाता ही सारी राहावीत. झेंड्यासाठी नदीत झुंजावे, ताकद व चपळाई दाखवावी, एकमेकांस पकडावे, अडवावे, ढकलावे. एवढाच नेम करावा की माणसाच्या अंगावर काही फेकावयाचे नाही. हा नेम चंडीमातेच्या पायऱ्यांवर, दोन्ही गावांच्या ज्येष्ठांनी, पोळ्याच्या आधी एकत्र बसून करावा. तो एकदा मनापासून ठरला की कोणता चेंडू आणावा, अथवा चेंडू आणावाच काय, हे गावच ठरवील.

ज्या प्रेमी युगुलाची कथा सांगून ही प्रथा चालविली जाते, ते त्याच नदीत दगडांनी मेले, असे ती कथाच सांगते. त्यांचे स्मरण करावयाचे तर दरवर्षी नव्या घरात मृत्यू पोचविणे, हा त्याचा मार्ग असू शकत नाही. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या व सावरगावच्या प्रत्येक आईस आपला मुलगा संध्याकाळी घरी परत येईल अशी खात्री वाटावी, एवढे मागणे चंडीमातेजवळ मागणे अवाजवी नाही.