नांगरलेल्या नौकेवरील पक्ष्यांचा उपद्रव

दाभोळ : वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तर तीरावर दापोली तालुक्यातील दाभोळ आणि समोरच्या तीरावर गुहागर तालुक्यातील धोपावे, वेलदूर ही गावे आहेत. बहमनी व आदिलशाही काळात येथून अरबस्तानापर्यंत व्यापार चाले. आज या खाडीत प्रामुख्याने मासेमारी नौका नांगरलेल्या असतात. खारवी, भोई व दालदी समाजातील मच्छीमारांचे पोट या नौकांवर अवलंबून आहे. किनाऱ्यापासून दूर, पाण्याच्या मधोमध उभी असलेली रिकामी नौका हे पक्ष्यांच्या दृष्टीने आदर्श विश्रांतिस्थान ठरते. तेथे कुत्रे-मांजर पोहोचत नाही, चहूबाजूंनी मोकळी नजर मिळते आणि बहुधा खाण्याचीही सोय असते. परिणामी दोन-चार दिवस न हललेल्या नौकेची केबिन व डेक पांढऱ्या विष्ठेने माखून जाते.

या उपद्रवाला ऋतुमान असते. कुरव पक्षी हिवाळी पाहुणे आहेत. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करून साधारणतः ऑक्टोबरपासून किनाऱ्यावर दिसू लागतो व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. कावळे, घारी, बगळे मात्र बारमाही. पाणकावळ्याचे पंख पाण्यात भिजतात, त्यामुळे प्रत्येक शिकारीनंतर ते वाळवण्यासाठी त्याला उंच बैठक लागते आणि डोलकाठी किंवा केबिनचा कठडा त्याला आयताच मिळतो. विष्ठेचे डाग कोठे पडले आहेत हे पाहिले, की पक्षी नेमका कोठे बसतो ते समजते. उपाययोजना त्या जागेपासूनच सुरू करावी. संपूर्ण नौकेला जाळे गुंडाळण्याची गरज क्वचितच पडते.

डाग सहज का निघत नाहीत?

पक्षी शरीरातील नत्र मूत्रावाटे नव्हे, तर युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. हे आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते. त्यामुळे ओली असताना बादलीभर पाण्याने वाहून जाणारी विष्ठा एकदा उन्हात सुकली, की चुन्यासारखी घट्ट बसते. तिच्याखालचा रंग व रोगण निस्तेज होते, फायबरच्या पृष्ठभागावर कायमचा डाग राहतो, ताडपत्री कमकुवत होते. लाकडी नौकेचा रंग एकदा उडाला, की फळीत पाणी शिरण्यास वाट मिळते. ओल्या विष्ठेवरून पाय घसरून खलाशी पडण्याचा धोका तर रोजचाच. शिवाय ज्या डेकवर मासळी ओतायची, निवडायची व बर्फात भरायची, तोच अस्वच्छ असेल तर मासळी दूषित होते.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. सुकलेली विष्ठा कोरडी खरवडू नये. त्यातून उठणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास सिटॅकोसिससारखे आजार होऊ शकतात. प्रथम ओले गोणपाट डागांवर अर्धा-पाऊण तास पसरून ठेवावे, नंतर नायलॉनच्या ब्रशने घासावे. हाती रबरी मोजे व तोंडावर मास्क असावा. डाग काढण्यासाठी अनेक जण आम्लाचा वापर करतात. पण युरिक आम्ल आम्लात नव्हे, तर अल्कलीत अधिक विरघळते. म्हणून धुण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण अधिक उपयोगी पडते. अॅल्युमिनियमच्या भागांवर मात्र ते वापरू नये, कारण सोड्याने तो धातू खराब होतो. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर वापरायची असल्यास ती संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये कदापि मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

ही खबरदारी अतिशयोक्त वाटत असेल, तर जानेवारी २०२१ आठवावा. त्या वेळी राज्यात बर्ड फ्लूचा शिरकाव झाला होता. परभणीत कोंबड्यांमध्ये, तर दापोलीसह काही ठिकाणी कावळ्यांमध्ये हा रोग आढळल्याचे स्पष्ट झाले. रोगग्रस्त पक्ष्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतात. नौकेवर मेलेला पक्षी आढळल्यास तो उघड्या हाताने उचलून पाण्यात भिरकावण्याऐवजी पशुसंवर्धन विभागाच्या जवळच्या दवाखान्याला कळवणे श्रेयस्कर.

आमिष नको, बैठक नको

पक्ष्यांना हाकलण्यापूर्वी त्यांना बोलावणे बंद करावे लागते. जाळ्यात अडकलेली छोटी मासळी, डेकच्या सांदीत राहिलेले कोळंबीचे तुकडे, उघडी टोपली, कठड्यावर वाळत घातलेले बोंबील ही सारी आमंत्रणेच आहेत. मासळी उतरवल्यानंतर नांगर टाकण्यापूर्वी डेक समुद्राच्या पाण्याने धुतला व जाळी झाकली, तर निम्मे काम होते. निवडणीतून फेकून दिलेली मासळी नौकेच्या आसपास टाकण्याची सवयही सोडावी लागेल. कुरवांचे थवे तिच्यामागोमागच येतात.

यानंतर बैठक मोडायची. केबिनच्या कडेवर व कठड्यावर साधारण वीतभर उंचीवर जाड, ठळक रंगाची दोरी ताणून बांधली, तर उतरणाऱ्या पक्ष्याला तोल सावरता येत नाही. दोरी सैल असल्यास पक्षी तिलाच झोका समजतो, हे लक्षात घ्यावे. मोकळ्या डेकवर हात-दीड हात अंतराने समांतर दोऱ्या बांधल्यास पंख पसरून उतरणाऱ्या कुरवांना अटकाव होतो. कावळा मात्र दोरीखालून चालत येतो. त्याच्यासाठी झाकणाशिवाय पर्याय नाही. ताडपत्री सपाट पसरली तर तीच नवी बैठक बनते. मधोमध बांबू आडवा बांधून तिला दोन्ही बाजूंनी उतार द्यावा व कडा घट्ट ओढाव्यात. डोलकाठीच्या टोकावर बोथट टोकांचे प्लॅस्टिकचे काटे बसवता येतात. जीपीएसचा अँटेना व सौरपट्टी यांच्यावर विष्ठा साचू नये, म्हणून तेथे प्रथम लक्ष द्यावे.

जुन्या सीडी, चकाकती फीत, प्लॅस्टिकचे घुबड यांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो. एकाच जागी न हलणारे घुबड शत्रू नव्हे, हे कावळ्याला लवकर उमगते आणि मग तो त्याच्याच डोक्यावर बसतो. अशा वस्तूंची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, वाऱ्यावर फडफडणाऱ्या वस्तू निवडाव्यात. खरा धाक माणसाच्या वावराचाच. दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ पासून सुरू असलेल्या फेरीबोटीसारख्या दिवसभर ये-जा करणाऱ्या नौकेवर पक्ष्यांना स्वस्थ बसायला सवड मिळत नाही; हा त्रास थांबलेल्या नौकेचा आहे.

काही उपाय मात्र वर्ज्यच मानावेत. बारीक पारदर्शक नायलॉनचा धागा पक्ष्याला दिसत नाही. त्यात पाय व पंख अडकून तो तडफडून मरतो. चिकट लेपाने पिसे निकामी होतात. विष घालणे अमानुष तर आहेच, शिवाय विषारी आमिष समुद्री गरुडाच्या पोटातही जाऊ शकते. कोकणात काकण या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची हत्या हा गंभीर गुन्हा ठरतो. कोणाच्या नौकेवर पक्ष्याने घरटे बांधून अंडी घातलीच, तर ते हलवण्यापूर्वी वन विभागाचा सल्ला घ्यावा.

अर्थात, खाडीतील मच्छीमाराला विचारले तर पक्षी हे त्याच्या तक्रारींच्या यादीत बरेच खाली असतील. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासळी घटल्याची तक्रार येथील भोई समाज वर्षानुवर्षे करीत आला आहे. तरीही नौकेची दुरुस्ती व रंगकाम हा स्वतःच्या खिशातून होणारा खर्च असल्याने तो जितका लांबणीवर टाकता येईल तितका बरा. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. झाप घालण्यापूर्वीच डेक सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून घ्यावा. विष्ठेचा थर तसाच झाकला गेला, तर पावसाच्या दमट हवेत तो फळीला चिकटून राहतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास रंग काढताना फळीही खरवडावी लागते.