कोपनहेगनमधली रात्रपाळी

27 ऑगस्ट 1952. कोपनहेगनचं ब्लेगडॅम रुग्णालय, साथीच्या रोगांचं. अंगातला पांढरा एप्रन तुम्हाला जरा ढगळच होतोय, पण इथं तुमच्याकडे बघायला कुणाला सवड आहे? पोलिओची साथ अशी उसळलीय की एखाद्या दिवशी पन्नासेक रुग्ण दाखल होतात. हातपाय लुळे पडणं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. खरी भीती घशाची आणि छातीची. गिळता येत नाही, लाळ घशात साठते, श्वासाचे स्नायू दगा देतात. अशांसाठी इथं आहे काय, तर एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर चढवायची सहा चिलखतं. पहिल्या तीन आठवड्यांत 31 जणांना त्यांचा आधार दिला. 27 दगावले.

हे लोखंडी फुप्फुस 1928 साली अमेरिकेत बॉस्टनला निघालं. डोकं बाहेर, धड पिंपात. पिंपातली हवा ओढून घेतली की छाती फुगते आणि नाकातोंडातून हवा आत येते. पण घशात लाळेचं डबकं साचलं असेल तर हवेबरोबर तीही आत ओढली जाते. इथले रुग्ण बहुतेक त्याच जातीचे.

दोनच दिवसांपूर्वी प्रमुख डॉक्टर हेन्री लासेन यांनी सल्ल्याला एका भूलतज्ज्ञाला बोलावलं होतं. त्या काळात भूल देणाऱ्यानं शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभं राहावं, वॉर्डात त्याचं काय काम, अशीच समजूत. ब्यॉर्न इब्सेन मात्र बॉस्टनला शिकून आलेले, आणि त्यांना एक साधी गोष्ट रोजच्या कामातून ठाऊक होती: क्युरारे देऊन रुग्णाचे सगळे स्नायू लुळे केले तरी तो मरत नाही, कारण कुणीतरी रबरी पिशवी दाबून त्याच्या फुप्फुसांत हवा ढकलत असतं. मग पोलिओनं लुळ्या पडलेल्याला तसंच का जगवू नये? रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं, आणि डॉक्टर त्याला कसलासा गूढ क्षारविकार समजत होते. इब्सेन म्हणत होते, गूढबिढ काही नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये. माणसं पोलिओनं नव्हे, कोंडल्या श्वासानं मरतायत.

आता खाटेजवळ सरका. मुलगी बारा वर्षांची. चारही हातपाय निपचित, ओठ निळे, अंगात सणकून ताप, घशात घरघर. गळ्याला जागेवरच बधिर करून श्वासनलिकेला छेद दिला, नळी बसवली. इब्सेन पिशवी दाबतात, पण हवा आतच जाईना. मुलगी तडफडतेय, श्वासनलिका आवळल्यात. भोवती जमलेले डॉक्टर एकेक करून काढता पाय घेतात. ही काही वाचत नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलंय. तुम्ही थांबा. इब्सेन थायोपेंटल हे भुलीचं औषध टोचतात, तिची उरलीसुरली धडपड थांबते आणि पिशवी एकदम हलकी होते. छाती वर येते, खाली जाते. ओठांचा रंग पालटतो, घाम आटतो, चढलेला रक्तदाब उतरतो. मग तिला मुद्दाम चिलखतावर घालून बघतात: सगळी लक्षणं परत. पुन्हा पिशवी: पुन्हा सुधारणा. वाद तिथंच संपला.

वाद संपला, पण पिशवी दाबणार कोण? एकेका रुग्णाला चोवीस तास माणूस हवा, आणि काही आठवड्यांतच एकाच वेळी सत्तरएक रुग्ण पिशवीवर आहेत. म्हणून वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना पाळ्या लावल्यात. आज रात्रीची पाळी तुमची. बसा स्टुलावर.

पिशवी आणि गळ्यातली नळी यांच्यामध्ये एक डबा आहे, सोडा लाइमनं भरलेला. रुग्णानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड तो शोषतो, आणि शोषता शोषता तापतो. हात लावून बघा, कोमट लागेल. डबा गार पडत चालला तर समजायचं, आतला चुना संपत आला. यंत्राचा काटा वगैरे काही नाही. छाती किती उचलते, कपाळावर घाम आहे का, नखं कुठल्या रंगाची, एवढंच पाहायचं. प्रयोगशाळेत पौल आस्त्रूप रक्ताचा पीएच मोजून सांगतात, पण तो निकाल येईपर्यंत तुमचे डोळे हेच मोजमाप.

आणि रुग्ण जागा आहे, हे लक्षात ठेवा. गळ्यात नळी म्हणून बोलता येत नाही, पण डोळे तुमच्याकडेच लागलेत. तुम्ही पिशवी घाईनं दाबलीत तर त्याला कळतं. पेंगलात तर त्याआधीच कळतं. मुलगा असेल तर गोष्ट वाचून दाखवा, एका हातानं पुस्तक धरता येतं. परिचारिका मधूनमधून नळीतला कफ ओढून काढते, तेवढीच बोटांना उसंत. काही विद्यार्थ्यांच्या हाताखाली रुग्ण गेले, आणि त्यांना कळायलाही वेळ लागला, कारण छाती तर हलतच होती. त्याबद्दल त्यांना काय सांगणार? वय विशीचं.

हिशेब असा: सुमारे 1500 विद्यार्थी, 1,65,000 तास. अशा रुग्णांमध्ये शंभरातले सत्याऐंशी मरत होते, ते प्रमाण शेवटी पंचवीसेकवर आलं. स्वीडनच्या कार्ल-गुन्नर एंगस्ट्रमच्या यंत्रानं पुढे हाताची जागा घेतली, आणि 1953 च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्या कोम्युने रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू केला. व्हेंटिलेटरचं कौतुक सगळे करतात, रास्तच आहे. पण हवा खेचायची नाही, ढकलायची, हे आधी हातांनी सिद्ध केलं. यंत्रं मागून आली.

पिशवी मात्र संपली नाही. हेनिंग रुबेन आणि होल्गर हेस या दोघांनी डेन्मार्कमध्येच 1956 साली आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली, तीच अंबू बॅग. सिलिंडर नसला तरी चालते, म्हणून ती जगभर गेली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर मोकळा नसेल तर सिस्टर ती रुग्णाच्या मुलाच्या हातात देतात, दोन मिनिटांत दाबायचं शिकवतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. तो रात्रभर दाबत बसतो. ब्लेगडॅमच्या विद्यार्थ्याला पाळीचे पैसे मिळत, आणि पाळी संपली की दुसरा विद्यार्थी येऊन पिशवी हातात घेई.