तांत्रिक इंग्रजीतील रचनावर्णन आणि क्रियापदाचे वचन

यंत्र, इमारत अथवा प्रयोगसाहित्य यांच्या मांडणीचे इंग्रजीत वर्णन करताना व्याकरणाचा एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. 'रो', 'पेअर', 'सेट' यांसारखे समूहवाचक नाम रूपाने एकवचनी असते. त्यानंतर 'ऑफ' हे अव्यय येते व त्याला जोडून घटकांचे अनेकवचनी नाम येते. अशा वाक्यात क्रियापदाने समूहाचे वचन घ्यावे की घटकांचे? शालेय व्याकरणात हा प्रश्न बहुधा शुद्धाशुद्धतेचा म्हणून निकालात काढला जातो. वस्तुतः त्याला दीर्घ इतिहास असून तांत्रिक लेखनात तो अर्थनिश्चितीचा प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. 'ए रो ऑफ पाइप्स इज टेन फीट लाँग' या वाक्यात दहा फूट ही लांबी रांगेची आहे. 'इज'च्या जागी 'आर' घातल्यास तीच लांबी प्रत्येक नळीची ठरू लागते. एका क्रियारूपाच्या फरकाने कारागिराने कापावयाच्या नळीचे माप बदलते. हा भेद केवळ क्रियापदाच्या वचनावर का अवलंबून राहावा, याचे उत्तर इंग्रजी भाषेच्या घडणीत शोधावे लागते.

प्राचीन इंग्रजीत विभक्तिप्रत्यय सजीव होते. दगड या अर्थाच्या नामाचे प्रथमेचे अनेकवचन 'स्तानस्' असे, तर षष्ठीचे अनेकवचन 'स्ताना' असे होई. त्यामुळे समूहवाचक नामाला जोडून आलेले घटकनाम षष्ठीत आहे, ते कर्ता नव्हे, हे रूपावरूनच कळे. क्रियापदाची एकवचनी व अनेकवचनी रूपेही वर्तमान आणि भूत या दोन्ही काळांत भिन्न असत. पुढील काही शतकांत हे प्रत्यय झिजले. षष्ठीचे कार्य बहुतांशी 'ऑफ'ने पतकरले आणि 'स्टोन्स' हे एकच रूप दोन्ही ठिकाणी वापरले जाऊ लागले. क्रियापदाच्या बाजूने तृतीयपुरुषी एकवचनी वर्तमानकाळातील अंत्य 'स्' आणि 'बी' या धातूची काही रूपे एवढाच वचनभेद मुख्यतः शिल्लक राहिला. भूतकाळात तर 'वॉज' व 'वेअर' यांखेरीज तो उरलाच नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रवासवर्णन किंवा कथा भूतकाळात चालते. तेथे अन्वयाचा प्रश्न क्वचितच पृष्ठभागावर येतो. तांत्रिक वर्णन मात्र प्रायः तृतीयपुरुषी वर्तमानकाळात लिहिले जाते आणि त्यात 'बी' धातूने साधलेल्या कर्मणि रचना विपुल असतात. म्हणजे भाषेने वचनभेद जेथे राखून ठेवला, नेमक्या त्याच जागी तांत्रिक गद्य वावरते. इतर गद्यात झाकून जाणारी संदिग्धता येथे उघडी पडते, ती यामुळे.

या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. रॉबर्ट लाउथ याचे इंग्रजी व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. समूहवाचक नामाशी एकवचनी वा अनेकवचनी क्रियापद योजता येते, मात्र ते नाम एकत्वाची कल्पना देते की अनेकत्वाची, हे पाहून योजावे, असे त्याचे मत होते. लिंडली मरे याने १७९५ च्या आपल्या व्याकरणात हाच नियम स्वीकारला आणि त्या ग्रंथाच्या विलक्षण प्रसारामुळे तो शाळाशाळांतून रूढ झाला. नियमाचा आधार नामाचे रूप नसून त्याने सूचित होणारी कल्पना आहे, ही गोष्ट येथे निर्णायक होय.

या व्याकरणकारांत जोसेफ प्रीस्टली याचे स्थान विशेष आहे. नँटविच येथे शाळा चालवीत असताना त्याने लिहिलेले इंग्रजी व्याकरण १७६१ मध्ये, म्हणजे लाउथच्या आधी एक वर्ष, प्रसिद्ध झाले. १७६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने प्रचलित वापराविषयीची निरीक्षणे जोडली. या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान, १७६७ साली, त्याचा विद्युत्शास्त्राचा इतिहास प्रकाशित झाला. भाषेचा नियम शोधणारा आणि उपकरणांच्या रचनेचे वर्णन करणारा लेखक येथे एकच आहे.

त्या काळच्या विद्युत्प्रयोगांतील 'बॅटरी' हा शब्द प्रस्तुत प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. मूळचा हा शब्द तोफखान्यातील. एकत्र मांडलेल्या तोफांचा समूह हा त्याचा अर्थ. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४९ मध्ये खिडकीच्या अकरा मोठ्या काचा शिशाच्या पत्र्यांसह जोडून केलेल्या रचनेस हे नाव दिले. प्रीस्टलीने वर्णिलेल्या एका बॅटरीत ६४ बरण्या होत्या. प्रत्येक बरणीची उंची १० इंच व तिचा लेपित भाग अर्धा चौरस फूट असल्याचे तो सांगतो. सबंध बॅटरीचे क्षेत्र मात्र ३२ चौरस फूट म्हणून एकत्र देतो. घटकाचे माप घटकाला आणि समूहाचे माप समूहाला, असा हा विवेक आहे. पुढे अर्थाचा इतका संकोच झाला की एकच विद्युत्घटही व्यवहारात बॅटरी म्हणविला जाऊ लागला. रचनेला वस्तुत्व लाभले आणि तिचे एकवचन निर्विवाद झाले.

याच्या उलट दिशेचा प्रवास 'नंबर' या शब्दाचा आहे. 'ए नंबर ऑफ' या प्रयोगात त्याचे नामत्व क्षीण होऊन तो 'कित्येक' या अर्थाचा संख्यादर्शक झाला; म्हणून तेथे अनेकवचनी क्रियापद येते. 'दि नंबर ऑफ' मध्ये तो खरेखुरे नाम राहिला व क्रियापद एकवचनी राहिले. अमेरिकेच्या १८३६ च्या एकस्व कायद्याने शोधकाने आपला दावा नेमकेपणे निर्दिष्ट करणे आवश्यक केले. अशा दाव्यांच्या भाषेत 'ए प्लुरॅलिटी ऑफ' हा प्रयोग 'दोन किंवा अधिक' या अर्थी स्थिरावला. रूपाने एकवचनी असूनही तो 'नंबर'च्याच वाटेने गेला.

विसाव्या शतकात रँडॉल्फ क्वर्क व त्याचे सहकारी यांनी १९८५ च्या बृहद् व्याकरणात या प्रवृत्तींची तीन तत्त्वांत व्यवस्था लावली : रूपाश्रित अन्वय, अर्थाश्रित अन्वय आणि सान्निध्य. यांपैकी तिसऱ्यात क्रियापद जवळच्या नामाकडे ओढले जाते. संभाषणात ते स्वाभाविक होय. तांत्रिक वर्णनात मात्र तेच सर्वांत धोक्याचे, कारण त्यामागे अर्थाचा निर्णय नसून केवळ शब्दांची जवळीक असते.

मराठी वाचकास ही अडचण परकी वाटते, यालाही कारण आहे. 'खांबांची रांग उभी आहे' या वाक्यात 'ची' हा प्रत्यय रांगेच्या लिंगवचनाशी जुळतो आणि वाक्याचे मुख्य नाम कोणते ते आधीच सांगून टाकतो. घटक प्रधान करावयाचे असल्यास मराठी वाक्याची घडणच बदलते : 'खांब रांगेने उभे आहेत'. येथे रांग क्रियाविशेषण झाली. इंग्रजी 'ऑफ'ला लिंगही नाही, वचनही नाही; जे काम मराठीत प्रत्यय व वाक्यरचना मिळून करतात, ते तेथे बव्हंशी एकट्या क्रियापदावर पडते. मराठी भाषकाने लिहिलेल्या तांत्रिक इंग्रजीत केवळ मुख्य नामावर दृष्टी ठेवून सर्वत्र एकवचन योजले गेल्यास 'ए नंबर ऑफ' सारख्या प्रयोगात चूक होते, आणि घटकांविषयीचे विधान अभिप्रेत असता ते समूहाला जाऊन चिकटते.

वरील इतिहासावरून असे दिसते की, समूहवाचक नामानंतरच्या क्रियापदाचे वचन ही लेखकाच्या लहरीची बाब कधीच नव्हती. प्रत्ययांच्या ऱ्हासानंतर उरलेल्या अल्प साधनांतून भाषेने रचना आणि घटक यांमधील भेद टिकवून धरला व अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी त्याला कल्पनेच्या एकत्व-अनेकत्वाचे अधिष्ठान दिले. यास्तव रचनेचे वर्णन करताना विधान कोणाविषयी आहे, हा निर्णय प्रथम व्हावयास हवा. वचन त्यामागून यावे. जेथे दोन्ही अर्थ संभवतात, तेथे प्रीस्टलीप्रमाणे घटकाचे व समूहाचे माप वेगवेगळ्या विधानांत देणे अधिक सुरक्षित होय.