वाशिमची रेषा आणि माझा बिघडलेला फोटो

माघ शुद्ध दशमीला वाशिमजवळच्या शेतातून कृत्तिकांचा फोटो काढला. चंद्र मृगाजवळ, त्यामुळे फ्रेमचा एक कोपरा दुधासारखा पांढरा. लॅपटॉपवर रिकाम्या आकाशाचे बिंदू निवडले, त्यांवरून उजेडाचा उतार काढला आणि फोटोतून वजा केला. पांढरेपणा गेला, पण ताऱ्यांभोवतीची निळसर धूळही गेली! दोन बिंदू चुकून धुळीवरच पडले होते. मी चंद्राला शिव्या घातल्या.

पण याच गावाला एकेकाळी चंद्र हवा होता. ७व्या शतकातला पहिला भास्कर (लीलावतीवाला नव्हे, तो १२व्या शतकातला) 'महाभास्करीय'मध्ये लंका ते मेरू या मध्यरेषेवरची गावं देतो. त्यात अवंती, म्हणजे उज्जैन आहे, आणि वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, म्हणजे आपलं वाशिम. इथलं मध्यमेश्वराचं देऊळ लोक अजून त्या रेषेशी जोडतात.

रेषेपासून आपण किती दूर, हे कळायचं चंद्रग्रहणावरून. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं. मध्यरेषेसाठी गणिताने आलेली वेळ आणि इथे पाहिलेली वेळ यांतला फरक म्हणजे देशांतर.

आज बघितलं तर वाशिम उज्जैनच्या सुमारे १.३५ अंश पूर्वेला आहे. वेळेत साधारण साडेपाच मिनिटं, जेमतेम साडेतेरा पळं. घटिकापात्रावर एवढं पकडणार कसं? त्यात पृथ्वीच्या सावलीची कडाच पुसट. म्हणजे ग्रेडियंट त्यांनाही नडलाच की!

मी बिंदू बदलून फोटो पुन्हा केला. मेरोपीभोवतीची धूळ थोडी परत आली.