'आरसी'ची कुळकथा

चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, डोंगराच्या पोटात, कोयनेचं भूमिगत वीजगृह आहे. शिवसागराचं पाणी बोगद्यातून उतरतं आणि पेल्टन चक्राला फिरवतं. पण बंद संच चालू करायचा तर थेट पाणी सोडून भागत नाही. आधी बेअरिंगला वंगण आणि थंडाव्याचं पाणी, गव्हर्नरच्या तेलाला दाब. मग ब्रेक सुटतात, मुख्य झडप उघडते, नोझल उघडतं. वेग आला की शेवटी ५० हर्ट्झच्या जाळ्याशी जुळणी.

युनिक्स घराण्यातला संगणकही असाच पायरीपायरीने जागा होतो. प्रणालीचा गाभा (कर्नल) सुरू झाला की तो पहिली प्रक्रिया उठवतो, तिचा क्रमांक १, नाव 'इनिट'. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतही ती आहे. पुढची कामं कोणती, हे जुन्या इनिटला 'आरसी' नावाची आज्ञावली सांगायची. हे नाव युनिक्सहून जुनं. १९६०च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीसाठी लुई पूझँ यांनी फाइलीतल्या आज्ञा ओळीने चालवणारी सोय केली, तिचं नाव 'रनकॉम', म्हणजे 'रन कमांड्स'. त्याचंच आखूड रूप आरसी.

सुरुवातीला ही एकच लांब यादी होती. पुढे सिस्टिम फाइव्ह युनिक्सने प्रत्येक सेवेची वेगळी स्क्रिप्ट आणि नावापुढे आकडा अशी पद्धत रूढ केली. रेड हॅट लिनक्सवर 'एस१०नेटवर्क' आधी, 'एस५५एसएसएचडी' नंतर. 'एस' म्हणजे सुरू करा, 'के' म्हणजे थांबवा. नावं अक्षरक्रमाने लागत, म्हणून 'एस९' लिहिलं तर ते 'एस१०'च्या मागे जायचं. 'एस०९' असंच लिहावं लागे. आकडा क्रम सांगायचा, त्यामागचं कारण मात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यातच राहायचं.

ते कारण कागदावर आणलं युनिक्स घराण्यातल्याच नेटबीएसडीने, २०००च्या १.५ आवृत्तीत. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर 'मी काय पुरवते' आणि 'मला काय लागतं' हे लिहायचं. क्रम 'आरसीऑर्डर' लावतो. फ्रीबीएसडीने ५.०मध्ये हीच वाट धरली.

२०१०मध्ये आलेल्या लिनक्सच्या सिस्टिमडीने एकमेकांवर अवलंबून नसलेल्या सेवा एकदमच सुरू करायला घेतल्या. त्यात 'रिक्वायर्स' गरज सांगतं आणि 'आफ्टर' क्रम. नुसतं 'रिक्वायर्स' लिहिलं तर दोन्ही सेवा एकाच वेळी उठू शकतात. शिवाय सेवा सुरू झाली म्हणजे तयार झाली असं नाही. तेलाचा पंप फिरू लागला म्हणजे दाब आला असं नसतं, तसंच हे. म्हणून सेवेने स्वतः 'मी तयार आहे' असं कळवायची सोय तिथे आहे.

नवी सेवा लिहिताना तिला काय लागतं आणि ती कधी तयार मानायची, हे दोन्ही फाइलीत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता बंद पडलेलं यंत्र उठवायला येणाऱ्याला तेवढाच आधार असतो.