संकेतस्थळाच्या दोन वाटा

ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल असो, साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेचा वृत्तान्त असो, की एखाद्या जुन्या शाळेचा इतिहास असो. तो आता संगणकाच्या पडद्यावर सर्वांना वाचावयास मिळावा, अशी इच्छा होणे साहजिकच आहे. इंदूर, वडोदरा, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी संस्थांना तर हे साधन विशेष उपयोगाचे. कारण त्यांचा वाचकवर्ग एका शहरापुरता राहिलेला नाही. परंतु संकेतस्थळ उभारावयाचे म्हटले, की आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. मजकूर लिहून तो तारीखवार प्रसिद्ध करणारी ब्लॉगव्यवस्था स्वीकारावी, की पडद्यावर चित्रे व चौकटी हव्या तेथे ओढून बसविता येतील असे दृश्य मांडणीचे साधन घ्यावे? हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः त्यामागे तीन दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात न घेता केलेली निवड पुढे महागात पडण्याचा संभव असतो.

या इतिहासाचा प्रारंभ जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत झाला. तेथील टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९०च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. आज अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की हा पहिला ब्राउझर केवळ वाचण्याचे साधन नव्हता. त्याच खिडकीत पान वाचता येई आणि लिहिताही येई. परंतु तो फक्त नेक्स्ट नावाच्या संगणकावर चालत असे, आणि असे संगणक फार थोड्यांजवळ होते. पुढे १९९३ साली इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांनी घडविलेला मोझेक हा ब्राउझर लोकप्रिय झाला. त्यात वाचण्याची सोय होती, लिहिण्याची नव्हती. अशा रीतीने वाचक आणि लेखक यांची ताटातूट झाली. पान लिहावयाचे तर एचटीएमएलच्या खुणा हाताने टंकित करणे भाग पडू लागले.

या खुणांमागील तत्त्व समजून घेतले पाहिजे. ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’, एवढेच त्या खुणा सांगत. शीर्षक किती ठळक दिसावे, हे ब्राउझरने ठरवावयाचे असे. म्हणजे मजकुराचा अर्थ एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. हौशी लेखकाला मात्र ती जाचक वाटे. आपले पान आपल्या मनाप्रमाणे दिसावे, ही त्याची अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

ती अपेक्षा पुरविण्यासाठी दृश्य साधने पुढे आली. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने फ्रंटपेज तयार केले आणि १९९६च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. १९९७च्या अखेरीस मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर आले. पडद्यावर जसे दिसेल तसेच प्रसिद्ध होईल, हे या साधनांचे आश्वासन होते. हजारो लोकांनी एचटीएमएल न शिकता पाने उभारली. हे श्रेय या साधनांना दिलेच पाहिजे. परंतु त्याची किंमतही होती. आकडेवारीसाठी योजलेली कोष्टके पानाचे खण पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. मजकूर त्या खणांत विखुरला जाई. फ्रंटपेजच्या काही सोयींसाठी तर सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टचेच पूरक प्रोग्रॅम असावे लागत. रूप आणि मजकूर वेगळे राखण्यासाठी सीएसएस ही पद्धत डिसेंबर १९९६मध्ये अधिकृत झाली खरी, पण ती रुळावयास बरीच वर्षे लागली. २००३ची आवृत्ती ही फ्रंटपेजची शेवटची ठरली. साधन गेले, आणि त्यावर विसंबलेल्या पानांची डागडुजी करणे दिवसेंदिवस कठीण झाले.

दुसरी वाट याच सुमारास निघाली. ऑगस्ट १९९९मध्ये पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ब्लॉगर सुरू केले. त्यात लेखकापुढे एक रिकामी चौकट असे. लिहावयाचे आणि कळ दाबावयाची. नवा लेख सर्वांत वर, जुने खाली, आणि प्रत्येकावर तारीख. पानाचा साचा एकदाच ठरे. २००१ साली बेन व मेना ट्रॉट या दांपत्याने मूव्हेबल टाइप प्रसिद्ध केले. मुद्रणकलेतील सुट्या खिळ्यांवरून घेतलेले हे नाव अर्थपूर्ण होते. मजकूर कोठारात निराळा साठवावयाचा आणि साच्यात तो हवा तसा जुळवावयाचा, हीच या व्यवस्थांची रीत. सौंदर्याच्या बाबतीत त्या काहीशा रुक्ष होत्या. एका ब्लॉगचे पान दुसऱ्यासारखेच दिसे.

या रुक्षपणाचे मोल २००४ साली कळून आले. त्या वर्षी मूव्हेबल टाइपच्या नव्या आवृत्तीत विनामूल्य वापरावर लेखकांच्या व ब्लॉगांच्या संख्येची मर्यादा घालण्यात आली. अनेक लेखक नाराज झाले आणि त्यांनी स्थलांतर केले. त्यांना जाण्यास जागा होती. कारण बीटू या प्रोग्रॅमचा विकास थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी त्याच्याच पायावर २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली होती. परंतु नुसती जागा असून भागले नसते. लेख, तारखा आणि वाचकांचे अभिप्राय साच्यापासून वेगळे होते, म्हणूनच ते बाहेर काढून नव्या घरी नेता आले. याच्या उलट अनुभव जिओसिटीजचा. १९९४ साली निघालेल्या या व्यवस्थेने असंख्य हौशी लोकांना विनामूल्य पाने दिली होती. १९९९ साली ती याहूकडे गेली आणि ऑक्टोबर २००९मध्ये जपानखेरीज अन्यत्र बंद झाली. स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून जेवढे वाचविले तेवढे वाचले. बाकीचे कायमचे गेले.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होता. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यात छापले गेले, तेव्हा तेथील छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. मराठी ओवी रोमन अक्षरांत अवतरली. वेबच्या पहिल्या दशकात हाच प्रकार निराळ्या रीतीने घडला. दृश्य साधनात खासगी फॉन्ट निवडला, की पडद्यावर सुबक देवनागरी दिसे. पण संगणकाच्या पोटात साठलेली असत ती इंग्रजी अक्षरांची चिन्हे. ज्याच्याजवळ तो फॉन्ट नाही, त्याला निरर्थक अक्षरांची रास दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासूनच स्थान होते; मात्र सर्वसाधारण संगणकावर ते रुळल्यानंतरच मराठी मजकूर खऱ्या अर्थाने मराठीत साठू लागला. मग तो शोधता येऊ लागला, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताही येऊ लागला.

अलीकडे या दोन वाटा परस्परांजवळ आल्या आहेत. २००६ साली निघालेल्या विक्ससारख्या सेवांनी दृश्य मांडणी ब्राउझरमध्येच आणली आणि पुढे ब्लॉगची सोयही जोडली. उलट वर्डप्रेसने डिसेंबर २०१८मध्ये ठोकळ्यांनी पान रचण्याची पद्धत स्वीकारली आणि तिला आद्य मुद्रक गुटेनबर्गचे नाव दिले. जुन्या साध्या चौकटीला सरावलेल्यांनी त्यास बराच विरोध केला. तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. कारण वर्डप्रेसवर बसविलेली काही दृश्य साधने काढून टाकली, तर लेखात त्यांच्या अनाकलनीय खुणा मागे राहतात, हा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी होता.

म्हणून निवड करताना दोन्ही बाजू तोलून पाहाव्या लागतात. एखाद्या संमेलनासाठी वा नाट्यमहोत्सवासाठी चार पाने हवी असतील, तर दृश्य साधन पुरेसे आहे. तेथे ब्लॉगव्यवस्थेचा खटाटोप अनावश्यक होय. स्वतःच्या सर्व्हरवरील ब्लॉगव्यवस्थेला वेळोवेळी नव्या आवृत्त्या बसवाव्या लागतात, सुरक्षेची काळजी घ्यावी लागते, आणि हे काम करणारा माणूस संस्थेजवळ असावा लागतो. परंतु जेथे वर्षानुवर्षे अहवाल, भाषणे आणि स्मरणलेख साठत जाणार आहेत, तेथे प्रथम एकच गोष्ट विचारली पाहिजे: ही व्यवस्था उद्या बंद पडली, तर सारा मजकूर तारखांसह आणि युनिकोड देवनागरीत बाहेर काढता येईल काय? कार्यकारिणीने ही परीक्षा आरंभीच, दोन-चार लेख घालून, प्रत्यक्ष करून पाहावी. अहवाल लिहिणारी पिढी निवृत्त होईल, साधनेही बदलतील. संस्थेच्या शताब्दीला इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती मात्र तो मजकूर पडला पाहिजे.